दोन तोंडांचं घर आणि एक होडी

आमच्या घराला दोन तोंडं आहेत, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नगरपालिकेच्या पत्रातून कळलं. तोवर बावीस वर्षं मी त्या घरात राहत होतो, रोज एकाच दारातून बाहेर पडत होतो आणि दार आहे ती पुढची बाजू असं धरून चाललो होतो. मी शाळेत भूमिती शिकवतो. पुढचं काय आणि मागचं काय, इतकं तरी मला समजतं असा माझा समज होता. नगरपालिकेने तो एका परिच्छेदात मोडीत काढला, आणि तोही इतक्या नम्र भाषेत की वाचून झाल्यावर मीच मनात ‘आभारी आहे’ म्हणालो.

हे सगळं झालं एका होडीपायी. होडी कागदोपत्री माझी, पण खरी आर्विडची. आर्विड लिंडक्विस्ट आमचे शेजारी. वय चौऱ्याऐंशी, जन्मभर टपाल वाटलं, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांची ही सोळा फुटी ॲल्युमिनियमची होडी एकतीस वर्षं त्यांच्या परसात ट्रेलरवर उभी होती. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे मासेमारीचा मोसम उघडतो त्या दिवशी, पहाटे ती निघायची आणि संध्याकाळी परत यायची. आमच्या मिनेसोटा राज्यात या शनिवारी लग्न ठरवणाऱ्या माणसाला नातेवाईक माफ करत नाहीत. पण मागच्या हिवाळ्यापासून आर्विडचे हात कापायला लागले, आणि डुलुथहून त्यांची मुलगी लिनेआ येऊन सांगून गेली, “बाबा, आता एकट्याने तळ्यावर जायचं नाही. होडी काढून टाका.”

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर ते आमच्याकडे कॉफीला आले आणि कपात बघत म्हणाले, “ड्वेन, होडी तशीच पडून आहे. तुला उपयोग होईल तर बघ.”

आता आमच्या गावची रीत सांगायला हवी. कुणी काही देऊ केलं तर दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. खरोखरच नको असेल तर चार वेळा नको म्हणावं लागतं. मला होडी खरोखरच नको होती. गाडी लागते तसं मला पाणी लागतं. इतकं लागतं की भरलेल्या बाथटबकडे टक लावून पाहिलं तरी पोटात ढवळतं. गावाच्या चारी दिशांना तळी असताना ही गोष्ट मी सासरच्या माणसांपासूनसुद्धा लपवून ठेवली होती. तेव्हा माझं चार नकारांचं गणित तयार होतं. पहिला दिला, दुसरा दिला. तिसऱ्या वेळी बायकोने, मार्लिसने, केलेली लिंबाची वडी माझ्या तोंडात होती. मी मान हलवली. ती आडवी हलली असं मी अजूनही म्हणतो. मार्लिस म्हणते उभी हलली.

“झालं मग,” आर्विड म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की पुढचे नकार मी वडीबरोबर गिळून टाकले.

दुसऱ्या दिवशी होडी ताब्यात देताना ते तिच्या कडेवरून बाहीने धूळ पुसत राहिले. पुसून झालेली जागा पुन्हा पुसली. मी तिथेच ठरवलं, की ही होडी विकायची नाही, भंगारात द्यायची नाही आणि आर्विडच्या नजरेआड होऊ द्यायची नाही. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती रोज दिसली पाहिजे. म्हणून मी ती आमच्या घराच्या कडेला, बरोबर त्यांच्या खिडकीसमोर उभी केली. पाण्यात घालायचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

आठवड्याने ते पत्र आलं. कुणीतरी तक्रार केली होती. घराच्या पुढच्या अंगणात होडी उभी करायला मनाई आहे, दहा दिवसांत हलवावी.

मी नियम बघणाऱ्या अधिकारी बाईंना भेटायला गेलो. मिस व्हांग वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या, टेबलावर नियमांचा जाडजूड ग्रंथ आणि लिमलेटच्या गोळ्यांची बशी.

“ती पुढची बाजू नाहीच,” मी म्हणालो. “ती कडेची बाजू आहे. पुढची बाजू दाराची.”

“तुमचं घर कोपऱ्यावर आहे ना, मिस्टर टॉलेफ्सन? रस्त्याला लागते ती पुढची बाजू. तुम्हाला दोन रस्ते लागतात, म्हणून पुढच्या बाजू दोन. गोळी घ्या.”

“मग कडेच्या बाजू किती?”

“एक. तिथे तुमचं गॅरेज आहे.”

“आणि मागची?”

“आहे ना! मागे ठेवा खुशाल. फक्त हद्दीपासून पाच फूट आत.”

तक्रार कुणी केली हे त्या सांगू शकत नव्हत्या, कायद्याने गुप्त. मी विचारलंही नाही. आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर काही बोलत नाही. नगरपालिकेला फोन करतात आणि दुसऱ्या दिवशी हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला घरचा पदार्थ, घेऊन येतात. त्या आठवड्यात हॉटडिश घेऊन कोण कोण येतं यावर मी लक्ष ठेवलं. सगळेच आले.

मागच्या अंगणात पाच-पाच फूट सोडून मोकळी जागा उरत होती सोळा फूट बाय बारा. होडी ट्रेलरसकट एकोणीस फूट. साधा माणूस इथे खचला असता. मी हसलो. सोळा आणि बाराचा कर्ण वीस! तिरकी उभी करायची, की एक फूट उरतो. मी हे गणित त्या दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर सोडवून दाखवलं आणि म्हणालो, “बघा, भूमिती आयुष्यात कुठे कामाला येते सांगता येत नाही.”

होडी मागे न्यायला आधी कुंपणाचे दोन भाग काढावे लागले. मग ट्रेलर मागे ढकलत न्यायचा होता. ज्याने ट्रेलर कधी रिव्हर्समध्ये घेतला नाही त्याला सांगून समजणार नाही, पण गाडी डावीकडे वळवली की तो उजवीकडे जातो आणि उजवीकडे वळवली की घटस्फोटाच्या गोष्टी निघतात. अर्धी गल्ली गोळा झाली. समोरचा ग्लेन पावलिक तर खुर्ची घेऊन आला. त्याचं प्रत्येक वाक्य ‘मी काही बोलणार नाही, पण’ असं सुरू होतं.

“मी काही बोलणार नाही, पण डावीकडे घे.”

मी घेतलं.

“अरे, तुझ्या डावीकडे नाही! ट्रेलरच्या!”

“ट्रेलरचं डावं कुठलं?” मी ओरडलो.

“त्याचं तोंड कुठे आहे त्यावर आलं ते!” घर असो की ट्रेलर, तोंडाने माझी पाठ काही सोडली नाही. मार्लिसचं पक्ष्यांचं पाणी पिण्याचं दगडी भांडं आडवं झालं. दोन तासांनी होडी तिरकी उभी राहिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्विड खिडकीत उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, हात कापतात म्हणून.

मोसम उघडण्याचा शनिवार आला आणि गेला. पहाटे चारपासून सबंध गल्लीतून ट्रेलर खडखडत गेले. आमची होडी तिरकी उभी होती. आर्विड सकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाले, “आज वारा चांगला आहे.”

“हो ना,” मी म्हणालो, “कपडे लवकर वाळतील.”

ते वळून आत गेले.

सोमवारी दुसरं पत्र. होडीचे दोन कोपरे पाच फुटांच्या पट्ट्यात घुसतात. मी टेप घेऊन धावलो. घुसत होते. कर्ण ही रेषा आहे आणि रेषेला रुंदी नसते. होडीला सहा फूट असते. ही गोष्ट मी सव्वीस वर्षं मुलांना पहिल्याच तासाला शिकवत आलो आहे. वर्गात हे कसं पोहोचलं कळलं नाही, पण त्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी गंभीरपणे विचारलं, “सर, रेषेला रुंदी असते का?” मी फळा पुसायला घेतला.

“मी काही बोलणार नाही,” ग्लेन म्हणाला, “पण तू तिची कुंडी का करत नाहीस? आत माती घाल, पेटुनिया लाव. फुलांना कोण अडवतंय?”

मी पुन्हा मिस व्हांगसमोर. त्यांनी व्याख्या वाचली. “पाण्यावर चालवण्यासाठी वापरता येईल ती होडी.”

“आणि वापरता येत नसेल तर?”

“तर ते भंगार. भंगाराचं प्रकरण वेगळं आहे, चौदावं.”

“आणि त्या भंगारात फुलं लावली तर?”

त्यांनी बरीच पानं उलटली, मग एक गोळी स्वतः घेतली. “फुलांबद्दल काही म्हटलेलं नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

म्हणजे होडी वाचवायची असेल तर ती बुडणारी पाहिजे! शिवाय कुंडीला तळाला भोकं लागतातच. पण आर्विडना विचारल्याशिवाय ड्रिल लावायची माझी तयारी नव्हती. मी त्यांच्याकडे गेलो, हवापाण्याचं बोललो, टोमॅटोच्या रोपांचं बोललो आणि निघताना दारात म्हणालो, “होडीत थोडी फुलं लावावी म्हणतोय. म्हणजे इथेच राहील, समोर. तुमची काही हरकत?”

आर्विडनी पायाने पायपुसणं सरळ केलं. “होडी तुझी आहे आता,” ते म्हणाले. “तुला वाटेल ते कर.”

आमच्या गावात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही कळतं की ‘तुला वाटेल ते कर’ म्हणजे ‘खबरदार करशील तर’. इथे याहून कडक भाषा नाही. आणि मी, याच मातीत वाढलेला माणूस, ‘थँक यू’ म्हणून घरी आलो. होडी वाचल्याच्या आनंदात माझ्या कानांनी फक्त शब्द ऐकले.

होडी ट्रेलरवरून उतरवून कोपऱ्यावरच्या हिरवळीवर ठेवली, कारण कुंड्या पुढच्या अंगणात चालतात. मी आणि ग्लेनने तळाला सतरा भोकं पाडली. जांभळ्या आणि पांढऱ्या पेटुनिया लावल्या. मार्लिस कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “वेगळंच आहे हं.”

ज्याला मिनेसोटाची भाषा येत नाही त्याला हे कौतुक वाटेल. बायको आठवडाभर पुढच्या दाराने आलीगेली नाही. दोन्ही पुढच्या बाजू टाळून ती गॅरेजमधून ये-जा करायची.

आणि आर्विडच्या स्वयंपाकघराचा पडदा लागला. भरदिवसा. रोज सकाळी मी पेटुनियांना पाणी घालताना हात हलवायचो, आणि पडदा जागचा हलायचा नाही. मला आतून काहीतरी कुरतडायला लागलं. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यांनीच पाठ फिरवली, असं वाटून मी रुसलोही. त्रेपन्नाव्या वर्षी रुसलेला माणूस फार वाईट दिसतो, असं मार्लिसने सांगितलं.

जूनमध्ये तिसरं पत्र आलं. कोपऱ्यावरच्या घराला एक त्रिकोण पाळावा लागतो. दोन रस्ते मिळतात तिथून दोन्हीकडे तीस-तीस फूट मोजायचे आणि टोकं जोडायची. वळणाऱ्या गाड्यांना पलीकडचं दिसावं म्हणून त्या त्रिकोणात अडीच फुटांहून उंच काही चालत नाही. होडी चालली असती. पेटुनिया चार इंच वर गेल्या होत्या. आता सूट हवी असेल तर समितीसमोर सुनावणी. भूमितीच्या मास्तराचा त्रिकोणाने घात करावा, याहून अपमान तो कोणता!

मंगळवारी संध्याकाळी सहाला वाचनालयाच्या सभागृहात सुनावणी होती. समितीचे पाच जण, एक अध्यक्षबाई, कॉफीचा मोठा थर्मास, वड्यांचं ताट आणि समोर आमची जवळजवळ सगळी गल्ली. मी तक्ते काढून नेले होते. रंगीत. सूर्य कुठून येतो, गाड्या कुठून येतात, पेटुनिया कुठे झुकतात. पाऊण तास बोललो. शेवटी जरा आवाज चढवून म्हणालो, “ज्या कुणी तीन वेळा तक्रार केली, त्याला या होडीचं मोल कळत नाही. एका म्हाताऱ्या माणसाचा जीव आहे तिच्यात.”

असं तोंडावर बोललेलं गावाने ऐकलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “आणखी कुणाला काही सांगायचंय?”

मागच्या रांगेतून आर्विड उठले. टोपी हातात. टोपीही हातांबरोबर कापत होती.

“तक्रार माझी आहे,” ते म्हणाले. “तिन्ही वेळची.”

ग्लेनच्या हातातली वडी खाली पडली. मी तक्ता उलटा धरून उभा होतो, हे मला नंतर सांगण्यात आलं.

“होडी ड्वेनला दिली,” आर्विड जमिनीकडे बघत बोलत होते, “म्हटलं शेजारीच आहे, मोसम उघडला की जाईल तळ्यावर. गेला की विचारेल, येता का म्हणून. एकट्याने जायचं नाही, असं लिनेआ म्हणाली होती. दोघांनी जायचं नाही असं कुठे म्हणाली होती? पण हा जाण्याचं नावच काढेना. मग म्हटलं, अंगणात ठेवू दिली नाही तर नेणार कुठे? पाण्यातच नेईल ना माणूस!”

“आणि दुसऱ्यांदा?” अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांनाही राहवलं नाही.

“दुसऱ्यांदा पण त्याचसाठी. तिसऱ्यांदा मात्र रागाने. पेटुनिया लावल्या म्हणून.”

“अहो, पण मला सांगायचं!” मी म्हणालो.

“तोंडावर?” आर्विडनी विचारलं. आणि सगळ्या सभागृहाने ‘छे, छे, तसं कसं’ अशी मान हलवली. समितीनेही.

दोन महिने मी नगरपालिकेशी भांडत होतो, कुंपण काढत होतो, माती वाहत होतो. एका म्हाताऱ्याला शेजाऱ्याने ‘चला’ म्हणायला हवं होतं, आणि तेवढंच माझ्याकडून राहून गेलं होतं. एवढी लाज मला रेषेच्या रुंदीचीही वाटली नव्हती. मी सगळ्या गावासमोर बोललो, “आर्विड, मला पाणी लागतं. बाथटबसुद्धा लागतो. म्हणून नेली नाही. मासा कसा धरतात ते मला माहीत नाही. आणि मी तुमच्या होडीला सतरा भोकं पाडली.”

मार्लिसने डोळे मिटून घेतले. तिचे तीन भाऊ सभागृहात होते.

आर्विडनी टोपी डोक्यावर घातली. “सतरा?” ते म्हणाले. “ड्रिल कितीचं होतं?”

“अर्ध्या इंचाचं.”

“पट्टी लावून रिव्हेट मारायचे. दोन दुपारचं काम आहे.”

समितीने सूट एकमताने नाकारली. जाताना मिस व्हांग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मिस्टर लिंडक्विस्ट यांच्या घराला तोंड एकच आहे. मागे भरपूर जागा आहे. फक्त होडी तिथे राहणाऱ्याच्या नावावर पाहिजे. दोघांचं नाव लावलं तरी चालतं.” हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. “तुम्ही विचारलं नाहीत,” त्या म्हणाल्या.

पेटुनिया मार्लिसने बादल्यांत लावल्या. रिव्हेट मी मारले. आर्विड स्टुलावर बसून कुठे मारायचे ते सांगत होते, आणि वाकडा गेला की खोकत होते. दुसऱ्या दुपारी तर ते सरळ म्हणाले, “वाकडा आहे तो. काढ.” मी काढला. ज्या माणसाला पेटुनियांबद्दल अवाक्षर काढता आलं नव्हतं, तो आता माझ्या प्रत्येक खिळ्यावर बोलत होता, आणि मला त्याचं फार बरं वाटत होतं.

जूनच्या शेवटच्या शनिवारी आम्ही तळ्यावर गेलो. पाणी लागू नये म्हणून मी दोन गोळ्या घेतल्या होत्या, दोन लाइफ जॅकेटं घातली होती, एकावर एक, आणि नजर क्षितिजावर ठेवली होती. तरी दहा मिनिटांत माझा रंग बदलला. आर्विडनी गळ टाकला होता. हात कापत होते, त्यामुळे दोरी पाण्यात सारखी थरथरत होती, आणि ते म्हणाले की माशांना ते आवडतं. मग मला बूट ओला लागला. खाली बघितलं तर तळातून बारीक कारंजं उडत होतं. भोकं अठरा होती. अठरावं ग्लेनने पाडलं होतं आणि तो काही बोलला नव्हता.

“आर्विड,” मी घाईघाईने म्हणालो, “पाणी येतंय. परत फिरायचं का?”

त्यांनी वाकून पाहिलं. बुटाची टाच त्या भोकावर नीट दाबून बसवली आणि पुन्हा गळाकडे वळले.

“नाही,” ते म्हणाले.

‘बघ बुवा’ नाही, ‘तुला वाटेल ते कर’ नाही. नुसतं ‘नाही’. मी बादली घेतली आणि पाणी उपसायला लागलो.